वेरूळचे खांब, हैदराबादची कमान

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते एका जुन्या कृष्णधवल फोटोबद्दल. फोटो हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या आर्ट्स कॉलेजच्या इमारतीचा. बेल्जियन वास्तुरचनाकार अर्नेस्ट जास्पर यांनी तिचा आराखडा केला आणि १९३९ मध्ये ती उभी राहिली. दगड गुलाबी ग्रॅनाइटचा, फोटोत मात्र राखाडी दिसतो.

मधोमध प्रवेशद्वाराची उंच, टोकदार कमान आहे, इस्लामी घडणीची. तिच्या जोडीला आहेत जाडजूड कोरीव खांब. वेरूळ पाहिलेला माणूस इथे थबकतोच. अहो, हे तर आपल्या लेण्यांतले खांब! लेण्यात ते डोंगर कोरताना तसेच राखलेले असतात. इथे मात्र दगडावर दगड रचून तीच भारदस्त ऐट आणली आहे. अजिंठा-वेरूळ तेव्हा निजामाच्याच राज्यात. संस्थानातल्या दोन परंपरा एका छपराखाली नांदतात, असं ही इमारत सांगू पाहते. मला ती मनापासून सुंदर वाटते.

म्हणूनच पुढची गोष्ट अधिक सलते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने इंग्रजीऐवजी उर्दूतून उच्च शिक्षण द्यायचं ठरवलं. प्रयोग मोठ्या हिमतीचा होता. पण संस्थानातली बहुसंख्य रयत बोलायची तेलुगू, मराठी, कन्नड. मराठवाड्याचा खांब दर्शनी भागात मानाने उभा राहिला; मराठवाड्याच्या मुलांना मात्र इतिहास, विज्ञान, सगळं उर्दूतच शिकावं लागलं.

इमारत पूर्ण होण्याच्या आदल्याच वर्षी, १९३८ मध्ये, औरंगाबादच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याचा हक्क मागितला. चळवळ उस्मानियापर्यंत पोहोचली, अनेकांना काढून टाकण्यात आलं. नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. त्यांतले एक, पी. व्ही. नरसिंह राव, पुढे देशाचे पंतप्रधान झाले. फोटोतल्या दगडांत हे कुठेच दिसत नाही.

औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आलं २३ ऑगस्ट १९५८ रोजी. उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं. त्याआधी मराठवाड्यातल्या कॉलेजांत पदवी घ्यायची म्हणजे उस्मानियाचीच.

तेव्हा श्रोतेहो, घरातल्या पेटीत आजोबांचा हैदराबादचा एखादा ग्रुप फोटो असेल, तर त्यांच्या पाठीमागचे खांबही नीट न्याहाळा. आणि फोटोतल्या मंडळींची नावं ठाऊक असणारं कुणी घरात आहे तोवर, ती मागच्या बाजूला लिहून घ्या.