मायनस आलं म्हणून खोडू नका

नमस्कार मंडळी, कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, आज डीसी सर्किटचं एक गणित रेडिओवरच सोडवायचंय.

ओहमचा नियम माहितीच आहे, व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स, १८२७ पासून चालत आलेला. पण सर्किटमध्ये दोन बॅटऱ्या आल्या की नुसतं सिरीज-पॅरलल करून भागत नाही, तिथं किरचॉफ या जर्मन शास्त्रज्ञाचे नियम लागतात. १८४५ मध्ये त्याने हे नियम मांडले तेव्हा पठ्ठ्या अजून विद्यार्थीच होता! जंक्शनला, म्हणजे तारा जिथं एकत्र येतात तिथं, जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो, आणि कुठल्याही लूपची, म्हणजे बंद वाटेची, पूर्ण फेरी मारली की व्होल्टेजची बेरीज शून्य, एवढंच.

आता काढा. एक १२ व्होल्टची बॅटरी, तिच्या प्लसपासून २ ओहम एका जंक्शनपर्यंत. दुसरी ६ व्होल्टची, तिच्या प्लसपासून ३ ओहम त्याच जंक्शनपर्यंत. जंक्शनपासून खाली ६ ओहम, आणि दोन्ही बॅटऱ्यांचे मायनस खालीच जोडलेले, त्याला ग्राउंड म्हणजे शून्य धरा.

बरेच जण इथं लूप काढत बसतात, मी म्हणतो नोड, म्हणजे ते जंक्शनच धरा, कारण अनोळखी गोष्ट एकच उरते, जंक्शनचं व्होल्टेज. त्याला व्ही म्हणू. जंक्शनमधून तिन्ही वाटांनी बाहेर जाणाऱ्या करंटची बेरीज शून्य, म्हणून कंसात व्ही वजा १२, भागिले २, अधिक कंसात व्ही वजा ६, भागिले ३, अधिक व्ही भागिले ६, बरोबर शून्य. सगळ्याला ६ ने गुणा, ६ व्ही बरोबर ४८, म्हणजे व्ही ८ व्होल्ट. झालं की!

मग १२ वाल्या बॅटरीतून, १२ आणि ८ मधला फरक ४, भागिले २ ओहम, असा २ अँपिअर निघतो, आणि तसंच ६ वालीतून निघतो उणे दोन तृतीयांश. इथंच पोरं घाबरतात आणि सगळं खोडून परत सुरू करतात. अहो, दिशा आपणच अंदाजाने धरलेली असते, मायनसचा अर्थ एवढाच की करंट उलटा वाहतोय, त्या बॅटरीच्या आत शिरतोय. रिचार्जेबल असेल तर ती चार्ज होतेय!

खात्री हवी तर पॉवर मोजा, म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. मोठी बॅटरी २४ वॅट देते, छोटी ४ घेते, उरलेले २० तिन्ही रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जातात, २, ३ आणि ६ ओहममध्ये अनुक्रमे ८, सव्वा एकच्या जरा वर आणि पावणेअकराच्या जरा खाली, करा बेरीज.