कोयता इथं, मत तिकडं

[दृश्य: कोल्हापूर जिल्हा, शिरोळ तालुका, पहाट. ट्रॅक्टरच्या दिव्यात उसाचा फड. कोयत्यांचा आवाज.]

निवेदन:
कृष्णा आणि पंचगंगेच्या मधलं हे रान. धुकं अजून उतरलेलं नाही, पण फडात कोयते कधीचे चालू झालेत. बुडातून ऊस तोडायचा, वाढं छाटायचं, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. ही टोळी बीड जिल्ह्यातली. गाव इथून तीनशे किलोमीटरच्या वर. दिवाळी झाली की यायचं आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत जायचं. मुकादमाकडनं, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडनं, आगाऊ उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत मधे सुट्टी नाही.

[दृश्य: कोपीच्या, म्हणजे मजुरांच्या झोपडीच्या, मेढीला टांगलेली प्लास्टिकची पिशवी. बाईचे हात पिशवी सोडतात.]

देशात मतदार ओळखीवर वाद चालू आहे. कोणता कागद चालेल, कोणता चालणार नाही, यावर बिहारच्या मतदार यादीचं प्रकरण 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि आधार कार्डही धरा, असं न्यायालयाला सांगावं लागलं. महाराष्ट्रात दुबार नावांवरून मोर्चे निघाले. या वादात एक समजूत पक्की बसलेली असते, की गरिबाकडं कागद नसतात.

ही पिशवी बघा.

[दृश्य: गोधडीवर एकेक कार्ड. जवळून.]

आधार. पॅन. फोटो असलेलं बँकेचं पासबुक. रोजगार हमीचं जॉब कार्ड. ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र, जे राज्य सरकारनं 2021 पासून द्यायला घेतलं. आणि हे मतदार कार्ड. लॅमिनेशन सुटलंय, एका कोपऱ्यातून पाणी शिरलंय, फोटोतली मुलगी विशीतली वाटते. नंबर मात्र स्वच्छ वाचता येतो, तीन अक्षरं आणि सात आकडे. आडनावात वेलांटीची चूक आहे. तेवढ्यानं अडत नाही. ओळख पटत असेल तर किरकोळ चुकांकडं दुर्लक्ष करावं, असं निवडणूक आयोगच सांगतो.

[बाईचा आवाज: “समदं हाय दादा. एक बी कागद कमी न्हाई. पण मत गावाकडं हाय ना.”]

निवेदन:
थोडं मागं जावं लागेल. फोटोचं ओळखपत्र आलं 1993 मध्ये. मुख्य निवडणूक आयुक्त होते टी. एन. शेषन. कार्ड दिली नाहीत तर 1995 पासून निवडणुकाच घेणार नाही, इथपर्यंत त्यांनी ताणलं होतं. राज्य सरकारं खर्चाच्या नावानं कुरकुरत होती. पण रोग खरा होता. सकाळी मतदार केंद्रावर जायचा आणि त्याचं मत आधीच कुणीतरी टाकून गेलेलं असायचं. बोटाची शाई 1962 पासून होती, पण शाई दुसऱ्यांदा येणाऱ्याला अडवते. दुसऱ्याच्या नावावर पहिल्यांदाच आलेल्याला ती काय करणार? त्यासाठी फोटो हवाच होता. ओळखपत्राला विरोध करणाऱ्यांनी हे विसरू नये.

आज हे कार्ड नसलं तरी मत देता येतं. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, जॉब कार्ड, फोटोचं पासबुक, दिव्यांगाचं कार्ड असे बारा पर्याय असतात. ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र त्या बारात नाही. सरकारनंच दिलेलं कार्ड, पण केंद्रावर उपयोग शून्य. आणि बाकी सगळे कागद हातात असले तरी यादीत नाव नसेल तर मत नाही. हक्क यादीतल्या नावावर चालतो, कार्डानं फक्त ओळख पटते.

[दृश्य: कोपींची रांग, चुली, पाचटावर खेळणारी पोरं.]

मग नाव इकडंच घातलं तर? 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात त्यासाठी “सर्वसाधारण रहिवासी” असावं लागतं. माणूस तात्पुरता गाव सोडून गेला म्हणून त्याचं रहिवासीपण जात नाही, असंही तोच कायदा म्हणतो. तरतूद चांगली आहे. तिच्यामुळंच बीडच्या यादीतली नावं टिकून राहतात. नाव हलवायचं तर आठ नंबरचा फॉर्म आहे. घराचा पुरावा नसेल तर बीएलओनं, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यानं, रात्री येऊन, माणूस इथंच झोपतो याची खात्री करून नाव घ्यावं, अशीही सोय आहे. पण ही टोळी पुढच्या हंगामाला कुठल्या कारखान्यावर असेल, ते मुकादम ठरवणार. आणि नाव इथं आलं की गावची ग्रामपंचायत हातची गेली. दोन्हीकडं नाव ठेवलं तर गुन्हा.

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर, कारखान्याचं. त्यावर पेनानं खुणा.]

2004, 2009, 2014, 2019. विधानसभेचं मतदान चारही वेळा ऑक्टोबरमध्ये झालं. टोळ्या अजून गावातच होत्या. 2024 ला मात्र मतदान सरकलं 20 नोव्हेंबरवर. कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू व्हायची तारीख होती 15 नोव्हेंबर. कुणी मत देऊन निघालं, कुणाला मुकादमानं आधीच गाडीत घातलं. सभागृहाची मुदत पाच वर्षांची. म्हणजे 2029 लाही तारीख याच सुमाराला येणार. ग्रामपंचायतींचं तर विचारूच नका. 15 जानेवारी 2021 आणि 18 डिसेंबर 2022 या मोठ्या फेऱ्या ऐन हंगामातल्या.

त्या वेळी मतदानाला न्यायला गावाकडून गाड्या येतात. कुणाच्या येतात, ते कॅमेऱ्यासमोर कुणी सांगत नाही.

मतदानाची भरपगारी सुट्टी कायद्यात आहे, रोजंदारीवाल्यालासुद्धा. पण इथं मजुरी टनावर. करार मुकादमाशी. सुट्टी द्यायची कुणी, आणि कशाच्या पगारावर?

[दृश्य: सैनिक टाकळी. घरांच्या भिंतींवर गणवेशातले फोटो.]

याच शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी. घराघरातून फौजेत माणूस. निवडणूक आली की सीमेवरच्या जवानाला मतपत्रिका ऑनलाइन पोचते. तो ती छापतो, खूण करतो, पाकिटात घालून टपालानं पाठवतो. मतमोजणीच्या दिवशी सकाळी 8 च्या आत पोचलेलं प्रत्येक पाकीट धरलं जातं. 2024 ला 85 वर्षांवरच्या म्हाताऱ्यांचं मत घ्यायला कर्मचारी घरी गेले. खोरं सोडावं लागलेल्या काश्मिरी लोकांसाठी जम्मू, उधमपूर, दिल्लीत खास केंद्रं असतात. मतपेटी माणसापर्यंत नेता येते, हे आपल्याला ठाऊक आहे.

[दृश्य: कारखान्याचं आवार. ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग. वजनकाटा. खिडकीतून पावती बाहेर येते.]

आता हा काटा बघा. गाडी चढली, आकडा थांबला, पावती आली. कुठल्या शेतकऱ्याचा ऊस, कुठला गट नंबर, उसाची कुठली जात, कुठल्या तारखेची लावण, कोणी तोडला, कोणी वाहिला, सगळं नोंदलेलं. कारखान्याच्या शेती खात्याकडं प्रत्येक टोळीचा करार असतो. हे माणूस शोधण्याचं तंत्र नाही म्हणता?

[दृश्य: गव्हाणीत पडणारा ऊस, मोठा आवाज. तीन सेकंद निवेदन नाही.]

निवेदन:
2024 ला करवीर मतदारसंघात 84 टक्क्यांवर मतदान झालं, राज्यात सर्वांत जास्त. कोल्हापूरकरांनी मिरवावं असाच आकडा. त्याच करवीरच्या फडात तोडीला येणारी माणसं त्या टक्केवारीत कुठंच मोजली जात नाहीत, आणि त्यांच्या गावाकडं ती गैरहजर म्हणून मोजली जातात. त्यांच्या पोरांची शाळा, कोपीतलं पाणी, विमा हे विषय ना इथल्या प्रचारात येतात, ना तिथल्या.

[दृश्य: दुपार. फडातच भाकरीची वेळ. मुकादम मोबाइलवर.]

निवडणूक आयोगाकडं एक यंत्र तयार होतं. एकाच केंद्रावरून 72 मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं. स्थलांतरितांसाठीच केलेलं. 16 जानेवारी 2023 ला दिल्लीत सगळ्या पक्षांना दाखवायला बोलावलं होतं. विरोधी पक्षांनी हरकत घेतली. स्थलांतरित म्हणजे नेमका कोण? तीनशे किलोमीटरवर आमचा पोलिंग एजंट बसवायचा कसा? मतदान दुसऱ्या राज्यात असेल तर तिथं आचारसंहिता कुणी बघायची? आणि मुळात यंत्रावर भरवसा का ठेवायचा? प्रश्न रास्त आहेत, एजंटचा तर फारच. पण तेच प्रश्न काश्मिरी केंद्रांच्या वेळीही होते आणि तिथं ते सुटले. इथं तर दुसरं राज्यही नाही. बीड आणि कोल्हापूर एकाच विधानसभेला आमदार पाठवतात, आणि फडातल्या माणसांची यादी कारखान्याच्या शेती खात्यात तयार पडलेली आहे.