वाटेवरून दिसलेली झाडं

नमस्कार श्रोतेहो. मृगाची सर येण्याआधी जे चार थेंब पडतात, ते कधी उकिडवं बसून पाहिलेत का? आमच्या देवगडच्या सड्यावर, उन्हाने तापलेल्या कातळावर, मी ते लहानपणापासून पाहत आले. एक थेंब इथे, दोन अगदी एकमेकांना चिकटून, मग हातभर कोरडी जागा, मग एकदम पाच-सहांचा पुंजका. बघता बघता कातळ भिजतो आणि नक्षी पुसली जाते. त्या नक्षीपायी माझी सगळी उमर गेली. मी संख्याशास्त्र शिकले, शिकवलं, आणि संशोधन केलं ते एकाच प्रश्नावर: नकाशावर टिंबं पडली आहेत, ती तिथेच का पडली? झाडं, घरटी, आजारी माणसं, काहीही असो, कागदावर त्यांची टिंबंच होतात.

थेंबांचं उत्तर सोपं आहे. कुठल्याही थेंबाला दुसऱ्याची खबर नसते. तरीही पुंजके दिसतात आणि मोकळ्या जागाही दिसतात. रँडम म्हटलं की लोकांना वाटतं, सगळीकडे सारखं पसरलेलं. खरी यदृच्छा सारखी पसरत नाही, ती अशीच विस्कटलेली असते. आपल्या डोळ्यांना ते पटत नाही, कारण पुंजका दिसला की त्यामागे कुणाचा तरी हात शोधायची आपल्याला सवय आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, लंडनवर जर्मनीचे उडते बॉम्ब पडत होते. ते ठरावीक भागांवरच नेमके पडतात, असं लोकांना वाटू लागलं होतं. आर. डी. क्लार्क या विमागणितीने दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा तुकडा घेतला, त्याचे सारखे ५७६ चौकोन पाडले आणि कुठल्या चौकोनात किती बॉम्ब पडले ते मोजलं. एकूण ५३७ बॉम्ब. २२९ चौकोनांत एकही नाही, २११ चौकोनांत एकेक, ९३ मध्ये दोन, ३५ मध्ये तीन, ७ मध्ये चार आणि एका चौकोनात त्याहून जास्त. आता बॉम्ब थेंबांसारखे पडले असते तर काय झालं असतं, ते प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या सूत्राने काढता येतं. ते सूत्र म्हणतं, सुमारे २२७ चौकोन रिकामे राहतील आणि २११ मध्ये एकेक पडेल. प्रत्यक्षात आणि हिशेबात फरक जवळजवळ नाहीच. म्हणजे त्या तुकड्यात नेम धरल्याची काही खूण नव्हती. क्लार्कचा लेख १९४६ चा आणि जेमतेम पानभराचा. मी एम.एस्सी.ला असताना तो वाचला आणि त्या रात्री मला झोप आली नाही. एवढ्याशा मोजणीने एवढी मोठी भीती तपासता येते, हे मला माहीतच नव्हतं.

आता आपल्या हापूसच्या बागेत या. जुन्या पद्धतीची लागवड दहा मीटर बाय दहा मीटरवर, म्हणजे हेक्टरी १०० कलमं. हीच १०० झाडं थेंबांसारखी विखुरली असती, तर प्रत्येक झाडाचा सर्वांत जवळचा शेजारी सरासरी ५ मीटरवर असता. बागेत तो १० मीटरवर असतो. या दोन आकड्यांचं गुणोत्तर काढायचं, ते २ येतं. १९५४ साली क्लार्क आणि इव्हान्स या दोघांनी हा निर्देशांक दिला (हे क्लार्क वेगळे). गुणोत्तर १ च्या आसपास आलं तर मांडणी थेंबांसारखी, १ पेक्षा बरंच जास्त असेल तर झाडं एकमेकांपासून अंतर राखून आहेत, आणि बरंच कमी असेल तर घोळक्याने आहेत.

पण जवळच्या एकाच शेजाऱ्याकडे पाहून भागत नाही. ब्रायन रिप्ली या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९७६ आणि १९७७ मध्ये जी रीत मांडली, ती मी बागेत नेहमी दोरी घेऊन करून दाखवते. दोरीचं एक टोक झाडाच्या बुंध्याला बांधायचं, दुसरं हातात धरून गोल फिरायचं आणि आत किती झाडं आली ते मोजायचं. मग दुसऱ्या झाडाला बांधायचं. अशी सगळी झाडं झाली की दोरी लांब करून पुन्हा पहिल्यापासून. दोरी ५ मीटरची असेल तर हापूसच्या बागेत आत एकही शेजारी येत नाही. थेंबांसारखी झाडं असती तर सरासरी पाऊण झाड आलं असतं. दोरी १५ मीटरची केली की बागेत ८ शेजारी येतात आणि थेंबांच्या हिशेबाने ७. फरक विरघळत जातो. तीच बाग जवळून शिस्तीची आणि लांबून विस्कटलेली दिसते. म्हणून ‘ही झाडं घोळक्याने आहेत का?’ एवढं विचारून उत्तर मिळत नाही. किती अंतरावर, ते विचारावं लागतं.

माझ्या आजोबांना हा दोरीचा खेळ फार आवडायचा. गडग्यावर, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणावर बसून ते म्हणायचे, “काय गो बाय, झाडां मोजतंस काय? माका विचार मा, मी सांगतंय किती ती!” मग मी त्यांना रायवळ आंब्याखाली घेऊन जायचे. रायवळाचं उलट असतं. फळ खाली पडतं, बाठा तिथेच रुजतो आणि आईभोवती रोपांचा घोळका जमतो. कॅलिफोर्नियात रेडवूड नावाची प्रचंड झाडं आहेत, त्यांची रोपंही अशीच घोळक्यात येतात. तिथल्या रोपांच्या नकाशासाठी डेव्हिड स्ट्रॉस यांनी १९७५ साली घोळक्याचं एक सूत्र मांडलं. पुढच्याच वर्षी रिप्ली आणि फ्रँक केली या दोघांनी दाखवून दिलं, की घोळक्यासाठी ते सूत्र गणितात टिकतच नाही, टिंबं एकमेकांना ओढू लागली की बेरीज हाताबाहेर जाते. मात्र टिंबं एकमेकांना दूर ठेवत असतील, तर तेच सूत्र उत्तम चालतं. आजही ते स्ट्रॉसच्या नावाने शिकवलं जातं, पण अगदी उलट कामासाठी. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी सांगत आले. विचार मांडणाऱ्याचा मान राहिला आणि चूकही लपवली गेली नाही, ही मला आमच्या शास्त्रातली फार मोठी गोष्ट वाटते.

आता माझी चूक सांगते. ती सांगायलाच खरं तर मी आज इथे आले आहे.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. काजूच्या एका डोंगरउतारावर खोडकिड्याने झाडं मरत होती. बुंध्याशी भुसा पडलेला, भोकातून डिंक गळतोय, वरची पानं पिवळी. मला त्या झाडांचा नकाशा करायचा होता. आठ दिवस मी वही आणि टेप घेऊन फिरले, टिंबं मांडली, आणि चित्र लख्ख दिसलं: कीड लागलेली झाडं पायवाटेच्या दोन्ही बाजूंना दाटीने. दोरीचा हिशेब केला, घोळका सिद्ध झाला. मी अहवाल लिहिला, की वाटेने ये-जा करणाऱ्यांबरोबर कीड पसरत असावी. अहवाल देऊनही झाला.

त्या डोंगराची राखण करणारे एक म्हातारे काका होते. त्यांना मी कौतुकाने नकाशा दाखवला. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा केला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “बाय, वाटेवरसून दिसतत तितकीच झाडां तू लिवलंस. वरच्या अंगाक गेलंस खंय?”

वरच्या अंगाला करवंदीच्या जाळ्या होत्या, म्हणून मी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोयतीने वाट काढली. वर तसाच भुसा, तसाच डिंक. माझा घोळका किड्याने केला नव्हता, माझ्या पायांनी केला होता. अहवाल परत मागून घेताना मला रडू आलं. त्या दिवसापासून टिंबांच्या आधी मी हद्द आखते: कुठपर्यंत गेले, कुठे गेले नाही.

हद्दीचं हे दुखणं रिप्लींनीही ओळखलं होतं. बागेच्या कडेच्या झाडाला दोरी बांधली की वर्तुळाचा काही भाग गडग्यापलीकडे जातो. तिथेही झाडं आहेत, पण ती आपण मोजलेली नाहीत. मग परिघाचा निम्माच भाग आत असेल, तर आतल्या शेजाऱ्याला दोन धरायचं. ही दुरुस्ती गडग्याच्या बाजूला बरोबर आहे. पण आमच्या बागेची दुसरी बाजू थेट समुद्राच्या कड्यावर संपते, आणि तिथे पलीकडे झाड नाहीच. जिथे आपण थांबलो ती हद्द वेगळी, आणि जिथे झाडंच थांबली ती वेगळी. कोकणात काम करणाऱ्याने हा भेद पहिल्या दिवशी शिकावा. आपल्या खाड्या, खाजणं, कडे कुठल्याच चौकोनात बसत नाहीत. एड्रियन बॅडली आणि रॉल्फ टर्नर यांनी ‘स्पॅटस्टॅट’ ही संगणक-प्रणाली केली आणि कुणालाही फुकट वापरायला दिली, तिचं मोल मला म्हणूनच फार वाटतं. तिच्यात वेडीवाकडी हद्द, मधल्या तळ्यासकट, जशीच्या तशी आखता येते. त्याच बॅडलींनी सिल्व्हरमन यांच्याबरोबर १९८४ मध्ये अशी एक मांडणी रचून दाखवली, की रिप्लींच्या हिशेबाला ती थेंबांसारखीच वाटते, प्रत्यक्षात मात्र तशी नसते. म्हणून एका दोरीवर सगळा भार टाकू नये.

हे सगळं माणसांच्या बाबतीत जास्त नाजूक होतं. माकडतापाचे किंवा लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण नकाशावर मांडले की घोळके दिसणारच, कारण आपली घरंच वाड्यावाड्यांत आहेत. मोकळ्या सड्यावर रुग्ण कुठून येणार? इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या एका भागात हा प्रश्न आला होता. जुन्या कचराभट्टीजवळ स्वरयंत्राच्या कर्करोगाचे रुग्ण जास्त आहेत का? पीटर डिगल यांनी १९९० मध्ये त्या ५८ रुग्णांची टिंबं एकटी पाहिली नाहीत. त्याच भागातले फुप्फुसाच्या कर्करोगाचे ९७८ रुग्ण शेजारी मांडले, म्हणजे वस्ती कुठे दाट आणि कुठे विरळ ते कळावं. आपल्याकडे आजाराचा नकाशा पेपरात छापून येतो, तेव्हा मी आधी त्यात घरं शोधते. बहुतेक वेळा ती नसतात.

आणि सड्यांवर कोरलेली आपली प्राचीन कातळशिल्पं! २०२२ मध्ये त्यांतली ९ स्थळं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती, बारसू, उक्षी, देवाचं गोठणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी, गोव्यातलं फणसमाळ. ज्यांनी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना विचारून ही शिल्पं उजेडात आणली, त्यांच्यापुढे मी हात जोडते. त्यांचा नकाशा पाहून लोक मला विचारतात, राजापूर-रत्नागिरीकडेच एवढी दाटी का? मी उलट विचारते, बाकीचे सडे किती जण चालले? चिऱ्यांच्या खाणीत किती गेली? जो सडा कुणी पाहिलाच नाही, तो नकाशावर कोराच दिसतो, आणि जो बारकाईने पाहून काही मिळालं नाही, तोही कोराच.

माझ्या वहीत या दोन कोऱ्या जागांसाठी दोन शेरे आहेत. शब्द तेच, मध्ये फक्त एक स्वल्पविराम. एक, ‘पाहिलं, नाही.’ दुसरा, ‘पाहिलं नाही.’ रेडिओवर तो स्वल्पविराम तुम्हाला ऐकू येतोय ना?

वेळास, आंजर्ल्याच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी शोधायला जी मुलं पहाटे निघतात, त्यांच्यापैकी कुणी ऐकत असेल, तर ही एवढी विनंती. घरटं सापडलं की जागा आणि तारीख तुम्ही लिहिताच. त्या पहाटे पुळणीच्या कुठल्या टोकापासून कुठल्या टोकापर्यंत चाललात, तेही लिहा. काहीच सापडलं नाही, त्या दिवशीसुद्धा लिहा. पाऊस होता, ताप होता, कुणी गेलंच नाही, असं असेल तर तारीख घालून ‘पाहिलं नाही’ असं लिहा. वही भरली की जपून ठेवा. मी ती पाहायला येईन.

नमस्कार.