‘कॉन’ नावाचं फोल्डर

(दृश्य: नौपाडा, ठाणे. गोखले रोडलगतच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. काउंटरवर विंडोज १०चा लॅपटॉप, शेजारी मॅकबुक आणि काच तडकलेला अँड्रॉइड फोन.)

नवीन लागलेला पोरगा गिऱ्हाइकाच्या फायली बॅकअपला टाकतोय. काँट्रॅक्टची कागदपत्रं, म्हणून फोल्डरला नाव देतो सी-ओ-एन, कॉन. एंटर दाबतो. विंडोज नकार देतं.

“दादा, हे नावच घेत नाहीये.”

“नाही घेणार. घरातल्या थोरल्यांचं नाव आहे ते.”

दादांच्या या थट्टेत एका घराण्याचा अख्खा इतिहास आहे.

१९७४च्या सुमारास कॅलिफोर्नियात गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली, लिहिली. कीबोर्ड आणि पडदा मिळून कन्सोल, त्याचं तिथलं छोटं नाव कॉन. पुढे सिएटलच्या टिम पॅटरसन यांनी सीपी/एमच्या वळणावर एक सिस्टिम रचली. १९८१मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली, तीच डॉस. पहिल्या डॉसमध्ये फोल्डर ही भानगडच नव्हती, त्यामुळे कन्सोलसाठीचं कॉन हे नाव सगळ्या डिस्कभर राखीव, फाइलला देता येत नसे. १९८३मध्ये फोल्डर आले, पण जुने प्रोग्रॅम अडायला नकोत, म्हणून प्रत्येक फोल्डरात तो नियम तसाच पाळला गेला.

आता गंमत बघा. काउंटरवरचा हा लॅपटॉप डॉसच्या वंशातला नाहीच!

विंडोज ९५ आणि ९८ डॉसच्या घरातल्या. पण १९८८मध्ये मायक्रोसॉफ्टने डेव्ह कटलर यांना डिजिटल नावाच्या कॉम्प्युटर कंपनीतून आणलं. तिथली व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टिम उभारणाऱ्यांपैकी ते एक. त्यांच्या चमूची विंडोज एनटी १९९३मध्ये आली, आणि २००१च्या एक्सपीपासून घरोघरच्या विंडोजचा पाया तोच झाला. (व्हीएमएसचं एकेक इंग्रजी अक्षर पुढे सरकवलं की डब्ल्यूएनटी, म्हणजे विंडोज एनटी, होतं, हा जाणकारांचा आवडता विनोद.) म्हणजे नाव आणि इस्टेट विंडोजची, रक्त बाहेरचं. सरळ दत्तकविधान! आणि दत्तक आलेल्याला कुळाचार पाळावाच लागतो. एनटीला आतून कॉनचं काही सोयरसुतक नाही, तरी ते नाव ती अजून वर्ज्य मानते.

(दृश्य: मॅकबुक. ‘कॉन’ फोल्डर झटक्यात तयार.)

इथे हरकत नाही, कारण घर वेगळं. १९६९, बेल लॅब्ज, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं युनिक्स, हीसुद्धा एक ऑपरेटिंग सिस्टिम. त्यात यंत्रांनाही फायलींसारखीच नावं असतात, पण ती ‘डेव्ह’ (‘डिव्हाइस’चं छोटं रूप) नावाच्या एका फोल्डरात नांदतात. बाकी घरात कुणीही कुठलंही नाव ठेवावं. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह अशा वाटण्याही नाहीत, सगळं एकाच मुळाखाली. मॅककडे हा वारसा बीएसडी या बर्कले विद्यापीठातल्या युनिक्सच्या अवतारातून आणि स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीतून आला.

फोनचं नातं मात्र रक्ताचं म्हणता येत नाही. अँड्रॉइडच्या तळाशी युनिक्सच्या वळणाचं लिनक्स आहे, आणि हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी १९९१मध्ये ते युनिक्सचा कोड न घेता लिहिलं. गायकी घराण्याची, गळा स्वतःचा. आम्हाला विचाराल तर वंशावळीपेक्षा शागिर्दीचा हा धागाच जास्त मोलाचा.

(दृश्य: पुन्हा लॅपटॉप.)

पोरगा आता ‘काँट्रॅक्ट’ असं पूर्ण नाव देतो. फायली सरकू लागतात. दुसरं फोल्डर प्रिंटरच्या बिलांचं. तो टाइप करतो पी-आर-एन.

दादा मान वर न करता म्हणतात, “तेही नाही.”