एक नियम खोडला तर

(दृश्य: नाशिकजवळचं देवळाली. पाऊस. शाळेच्या व्हरांड्यात दोन मुली, मध्ये वहीचं शेवटचं पान.)

फुली-गोळा. दोघी नीट खेळल्या तर कुणीच जिंकत नाही, हे त्यांना केव्हाच कळलंय. म्हणून आज नियम उलटा: जिचे तीन जुळतील ती हरली. आता मधल्या घराची भीती वाटते, कारण सर्वाधिक, म्हणजे चार रेषा तिथूनच जातात. पण पहिलीला वाचवतं तेच घर! मध्ये फुली मारायची. मग मैत्रीण जिथे गोळा काढेल, त्याच्या बरोबर समोरच्या घरात आपली फुली. हरणं नाही.

(दृश्य: ठिपक्यांनी भरलेलं पान.)

ठिपके जोडायचे. चौथी रेघ मारून चौकोन पुरा केला की आत आपलं अक्षर, आणि वर आणखी एक रेघ. सगळी भांडणं लावते ती ही जादा रेघ. पाच चौकोनांची बोळ तयार झाली, की तिचं तोंड कुणी उघडायचं यावर दोघी अडून बसतात. उघडलं, की समोरची पाचही गिळते.

जादा रेघेचा नियम खोडा. मग एक तुझा, पुढचा माझा; तीच बोळ तीन-दोन अशी वाटली जाते. भांडण मिटलं. मला विचाराल तर मजाही गेली.

(दृश्य: फळा, खडू.)

याच देवळालीत १९३० ते १९६२ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर शाळामास्तर होते. त्यांच्या खेळाला जोडीदारही लागत नाही. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच.

३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८३५२. मग ६१७४, आणि तिथेच मुक्काम. कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्या.

इथेही नियम बदलता येतो. तीन अंकी घेतली तर मुक्काम ४९५.

(दृश्य: मुलीची पेन्सिल, जवळून.)

दोन अंकी?

शून्य-नऊ... एक्याऐंशी... त्रेसष्ट... सत्तावीस... पंचेचाळीस...

पुन्हा नऊ.

(घंटा वाजते. पेन्सिल चालूच.)