गाठीत न सापडलेला विषाणू

पडद्यावर दिसतायत ते कापोसी सार्कोमा या कर्करोगाचे त्वचेवरचे डाग आहेत. जांभळट, तपकिरी, काही जवळजवळ काळे. बहुतेकदा ते दुखत नाहीत, खाजत नाहीत. सावळ्या-काळ्या त्वचेवर तर चटकन लक्षातही येत नाहीत.

१८७२ मध्ये व्हिएन्नातले त्वचारोगतज्ज्ञ मोरिट्झ कापोसी यांनी अशा पाच रुग्णांची नोंद केली. कापोसी सार्कोमा हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. सार्कोमा म्हणजे स्नायू, रक्तवाहिन्या अशा ऊतींचा कर्करोग. पुढची शंभर वर्षं युरोपात हा मुख्यतः वृद्ध पुरुषांचा, सावकाश वाढणारा आजार मानला गेला. आफ्रिकेच्या काही भागांतही तो होता.

मग १९८१ साली न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात तरुण समलिंगी पुरुषांच्या अंगावर हेच डाग दिसू लागले. त्या जुलैत अमेरिकेच्या सरकारी आरोग्य साप्ताहिकात २६ जणांची माहिती छापून आली. त्यातले आठ जण निदानानंतर दोन वर्षांच्या आतच दगावले होते. डाग चेहऱ्यावर उमटले की आजार लपवता येत नसे. रोगाच्या यातनांवर लोकांच्या तिरस्काराची भर पडली. हे विसरता कामा नये.

१९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एक नवा रेट्रोव्हायरस सापडला. आज आपण त्याला एचआयव्ही म्हणतो. रेट्रोव्हायरस आपल्या आरएनएचं डीएनए बनवतो आणि तो थेट आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो. म्हणून ही लागण आयुष्यभराची.

हे डाग एचआयव्हीच घडवतो, असा संशय साहजिकच आला, कारण या विषाणूकुळाचं आणि सार्कोमाचं नातं जुनं आहे. १९११ मध्ये पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क इतका बारीक गाळला, की त्यात एकही पेशी उरली नाही. तरीही त्या अर्काने दुसऱ्या कोंबडीला तीच गाठ झाली. तिथे रेट्रोव्हायरस स्वतःच कर्करोग घडवत होता. या कामाला नोबेल मिळालं ते १९६६ साली.

पण माणसांत हिशेब जुळेना. कापोसीच्या गाठीतल्या पेशींत एचआयव्ही सापडत नव्हता. अवयवरोपण झालेल्या, एचआयव्ही नसलेल्या रुग्णांनाही हा आजार होत होता. आणि मला सर्वांत बोलका वाटतो तो पुरावा असा : लैंगिक संबंधांतून एचआयव्ही झालेल्यांत कापोसी सार्कोमा कितीतरी जास्त होता, तर रक्तघटकांमधून एचआयव्ही झालेल्या हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांत तो क्वचितच आढळे. म्हणजे सोबत आणखी कुणीतरी संसर्ग पसरवत होतं.

ते शोधलं युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी, १९९४ मध्ये. गाठीतला डीएनए आणि निरोगी ऊतीतला डीएनए समोरासमोर ठेवून त्यांनी सामाईक भाग वगळला. उरलेल्या तुकड्यांत एका अनोळखी हर्पिस विषाणूची खूण होती. हाच तो एचएचव्ही-८. तो असलेल्या बहुतेकांना कधीच गाठ होत नाही, कारण टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, त्याला दाबून ठेवतात. एचआयव्ही नेमक्या याच टी-पेशींच्या फळीला खिंडार पाडतो. शिवाय त्याचं ‘टॅट’ नावाचं प्रथिन गाठीतल्या पेशींच्या वाढीला हातभार लावतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

एचआयव्ही आणि सोबतीचा विषाणू अशा जोडीचं दुसरं उदाहरण लहान मुलांचं आहे, आणि ते सांगताना जीव तुटतो. लायोमायोसार्कोमा, म्हणजे आतड्याच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या गुळगुळीत स्नायूंचा कर्करोग, मुलांमध्ये अत्यंत विरळा. एड्स झालेल्या मुलांत मात्र तो दिसू लागला. १९९५ मध्ये त्या गाठींच्या पेशींत एपस्टाइन-बार विषाणू सापडला. जगातल्या बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात हा विषाणू निपचित असतो.

हे कळल्यामुळे उपचाराची दिशा ठरली. १९९६ नंतर एचआयव्हीवरची संयुक्त औषधं आली आणि ती जिथे पोहोचली तिथे कापोसी सार्कोमाचं प्रमाण झपाट्याने घटलं. सुरुवातीच्या टप्प्यात अनेकांचे डाग या औषधांनीच ओसरतात. आजार फुप्फुसांत किंवा आतड्यांत पसरला असेल तर केमोथेरपी जोडावी लागते. लायोमायोसार्कोमात मात्र शक्य असेल तिथे शस्त्रक्रियाच करतात.

एक गोष्ट रुग्णाला आधीच सांगायला हवी. औषधं सुरू झाल्यावर प्रतिकारशक्ती जागी होते आणि पहिल्या काही आठवड्यांत डाग कधीकधी वाढतात, सूज येते. घाबरून गोळ्या थांबवू नयेत. ताबडतोब डॉक्टरांना दाखवावं. अशा वेळी सहसा एचआयव्हीची औषधं चालू ठेवूनच गाठीवर उपचार करतात.