बटण नसलेल्या आज्ञा : युनिव्हर्सल रिमोट आणि छुपे कोड

मित्रहो, आजचा विषय वरवर पाहता किरकोळ आहे, पण तो ज्या अडचणीतून निर्माण होतो ती ज्यांनी भोगली आहे त्यांना तो किरकोळ वाटणार नाही. टीव्ही, ॲम्प्लिफायर आणि डिस्क प्लेअर अशी तीन उपकरणे एका युनिव्हर्सल रिमोटवर बसवावीत आणि एकच बटण दाबून तिन्ही सुरू करावीत, अशी साधी इच्छा असते. त्यासाठी तिन्ही पॉवर आज्ञा एकामागोमाग पाठवणारा मॅक्रो आपण तयार करतो. पहिल्या दिवशी तो उत्तम चालतो. दुसऱ्या दिवशी ॲम्प्लिफायर आधीपासूनच चालू असतो. मॅक्रो टीव्ही आणि प्लेअर चालू करतो व ॲम्प्लिफायर मात्र बंद करतो. मग बटण पुन्हा दाबावे, तर नेमके उलटे होते. दोष मॅक्रोचा नसतो. उपकरणासोबत आलेल्या रिमोटवरचे पॉवर बटण ‘चालू हो’ असेही सांगत नाही आणि ‘बंद हो’ असेही सांगत नाही. ते फक्त ‘आता आहेस त्याच्या उलट हो’ एवढेच सांगते. अशा आज्ञेला टॉगल म्हणतात. आपल्याला हवी असते ती ठाम आज्ञा, जी कितीही वेळा पाठवली तरी परिणाम एकच असेल. या क्षेत्रातले लोक तिला डिस्क्रीट कोड म्हणतात. तो कोड बहुतेक वेळा उपकरणाला कळत असतो, पण रिमोटवर त्याचे बटण नसते.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. रॉबर्ट ॲडलर यांनी झेनिथ कंपनीसाठी तयार केलेला ‘स्पेस कमांड’ हा रिमोट १९५६ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्यात विद्युत संकेत नव्हताच. बटण दाबले की आत ॲल्युमिनियमच्या एका कांडीवर छोटी हातोडी आपटे, कानाला ऐकू न येणारा उच्च ध्वनी निघे आणि टीव्ही तो ओळखे. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र कांडी होती. तिथे छुपी आज्ञा असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण जिची कांडी नाही तिचा आवाज नाही. पुढे अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश आणि अंकीय संकेत आले, तेव्हा आज्ञा म्हणजे एका तक्त्यातला क्रमांक झाली, आणि तक्ता एकदा आखला की त्यात रिकाम्या जागा राहतातच. उत्पादक एकच इलेक्ट्रॉनिक सर्किट आणि एकच आज्ञावली पाच-सहा मॉडेलांत वापरतो. स्वस्त मॉडेलच्या रिमोटवर कमी बटणे देतो, पण टीव्हीच्या आतली आज्ञावली कापत बसत नाही. कारखान्यातल्या चाचणीसाठी आणि मोठ्या सभागृहांत यंत्रणा बसवणाऱ्यांसाठीही काही आज्ञा ठेवलेल्या असतात. त्या गुप्त म्हणून ठेवलेल्या नसतात; ग्राहकाच्या हातात त्यांचे बटण देण्याची गरज कुणाला वाटलेली नसते, इतकेच.

१९८७ मध्ये ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांच्या सीएल नाइन या कंपनीने ‘कोअर’ नावाचा रिमोट आणला, तो इतर रिमोटचे संकेत ‘शिकत’ असे. शिकणारे रिमोट आजही मिळतात व ते उपयुक्तही आहेत. मात्र त्यांची मर्यादा सुरुवातीलाच ध्यानात घ्यायला हवी. शिकणे म्हणजे नक्कल करणे, आणि मूळ रिमोटवर जे बटणच नाही त्याची नक्कल होऊ शकत नाही. छुपा कोड शिकता येत नाही; तो रचावा लागतो, आणि रचण्यासाठी संकेताचे व्याकरण यावे लागते.

हे व्याकरण फार अवघड नाही. सर्वांत प्रचलित पद्धत एनईसी या नावाने ओळखली जाते. तिच्यात ३८ किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर, म्हणजे सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशावर, आधी ९ मिलिसेकंदांचा दीर्घ स्पंद येतो, त्यानंतर साडेचार मिलिसेकंद शांतता असते, आणि मग ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ असे अंक, येतात : उपकरणाचा ८ बिटांचा पत्ता, त्याच पत्त्याचे उलटे रूप (० च्या जागी १ आणि १ च्या जागी ०), ८ बिटांची आज्ञा आणि तिचे उलटे रूप. उलटे रूप ही पडताळणीची सोय आहे. ० या बिटाला सुमारे १.१२५ मिलिसेकंद लागतात आणि १ ला सुमारे २.२५, प्रत्येक बिटासोबत त्याचा उलटा बिट जातच असल्याने ० आणि १ नेहमी सोळा-सोळाच येतात आणि कोणत्याही आज्ञेला सारखाच, म्हणजे सुमारे ६८ मिलिसेकंद वेळ लागतो. मला ही रचना फार देखणी वाटते. सोनीच्या पद्धतीत वाहक लहर ४० किलोहर्ट्झची असते आणि तिच्या १२ बिटांच्या प्रकारात ७ बिट आज्ञेला व ५ बिट पत्त्याला दिलेले असतात. फिलिप्सची आरसी-फाइव्ह पद्धत ३६ किलोहर्ट्झवर चालते. तिच्यात मुळात ६ बिटांची आज्ञा होती, आणि ६४ आज्ञा अपुऱ्या पडू लागल्यावर सुरुवातीच्या दोन बिटांपैकी दुसऱ्याला आज्ञेच्या कामाला जुंपून ही संख्या १२८ वर नेण्यात आली.

आता हिशेब करा. एनईसी पद्धतीत एका पत्त्याखाली २५६ आज्ञा बसतात आणि नेहमीच्या रिमोटवर ४०-५० बटणे असतात. उरलेल्या दोनशेहून अधिक जागांपैकी काही रिकाम्या असतील, काही भरलेल्या. त्या शोधायच्या असतील तर पत्ता आणि आज्ञा दोन्ही अंदाजाने ठोकत बसणे हा शुद्ध वेडेपणा आहे, कारण १६ बिटांच्या विस्तारित पत्त्याच्या प्रकारात एकूण शक्यता एक कोटी सदुसष्ट लाखांच्या पुढे जातात. मूळ रिमोटचे कोणतेही एक बटण वाचले, की पद्धत आणि पत्ता दोन्ही हाती येतात आणि पाहायच्या उरतात केवळ २५६ आज्ञा. प्रत्येकीला दहा सेकंद दिले, तरी पाऊण तासाच्या आत एक फेरी पुरी होते.

वाचण्यासाठी तीन पायांचा एक अवरक्त ग्राहक घटक (रिसीव्हर) आणि आर्डुइनोसारखा छोटा इलेक्ट्रॉनिक फलक पुरतो. त्यासाठी आयआररिमोट ही तयार लायब्ररी उपलब्ध आहे. लिनक्स वापरणाऱ्यांना याच कामाचे एलआयआरसी हे सॉफ्टवेअर माहीत असेल. मूळ रिमोट अवरक्त प्रकाश सोडतो आहे की नाही एवढेच पाहायचे असेल, तर तो फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. बहुतेक कॅमेऱ्यांत जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. बँग अँड ओलुफसेनची काही उपकरणे मात्र ४५५ किलोहर्ट्झची वाहक लहर वापरतात. ३८ किलोहर्ट्झच्या रिसीव्हरला ती जाणवतही नाही.

इथे नवशिक्याची हमखास चूक होते ती बिटांच्या क्रमाची. वर सांगितलेल्या तीन पद्धतींपैकी एनईसी आणि सोनीच्या पद्धतींत सर्वांत लहान किमतीचा बिट आधी पाठवला जातो. जे सॉफ्टवेअर आले तसे डावीकडून लिहून घेते, ते एलजी टीव्हीच्या पॉवर आज्ञेचा क्रमांक १६ दाखवते. योग्य क्रमाने वाचले तर तोच क्रमांक ८ येतो. संकेत एकच, नावे दोन. केवळ पाठवण्यापुरते पाहिले तर याने बिघडत काही नाही, पण शोधाच्या दृष्टीने बरेच बिघडते. अनेक एलजी संचांवर ‘चालू हो’ ही ठाम आज्ञा १९६ आहे आणि ‘बंद हो’ ही १९७. सॅमसंगच्या अनेक संचांवर पॉवर टॉगल २ आहे, तर बंदची आज्ञा १५२ आणि चालूची १५३. सोनीच्या अनेक टीव्हींवर टॉगल २१, चालू ४६ आणि बंद ४७. तिन्ही ठिकाणी ठाम आज्ञांची जोडी शेजारी-शेजारी बसलेली आहे, कारण तक्ता भरणारा अभियंता माणूसच असतो आणि जोडीच्या गोष्टी तो जोडीने मांडतो. चुकीच्या क्रमाने वाचल्यास एलजीचे १९६ आणि १९७ हे अनुक्रमे ३५ आणि १६३ होतात आणि शेजार नाहीसा होतो. एखादा कोड सापडल्यावर त्याच्या मागचा-पुढचा क्रमांक आधी पाहावा, हा माझा नियम या एका निरीक्षणावर उभा आहे, आणि त्याने माझे श्रम पुष्कळ वाचवले आहेत.

काही युनिव्हर्सल रिमोटमध्ये संगणक किंवा फलक काहीही न जोडता हा शोध घेता येतो. युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीचे रिमोट, जे वन फॉर ऑल या नावाने विकले जातात, त्यांतील अनेकांत प्रत्येक आज्ञेला तीन अंकी ईएफसी क्रमांक असतो. सेटअप बटण दिवा दोनदा लुकलुकेपर्यंत धरून ठेवायचे, ९९४ दाबायचे, सेटअप पुन्हा एकदा दाबून सोडायचे, तीन अंक द्यायचे आणि शेवटी ज्या बटणावर आज्ञा बसवायची ते बटण दाबायचे. ००० ते २५५ अशी फेरी या मार्गाने करता येते. मात्र ईएफसी हा आज्ञेचा सरळ क्रमांक नसून त्याचे विस्कटलेले रूप असते, त्यामुळे शेजाऱ्याचा नियम इथे चालत नाही. आधी रूपांतर करून मूळ आज्ञा-क्रमांक काढावा लागतो. याच कंपनीच्या अनेक रिमोटमध्ये बॅटरीच्या कप्प्यात सहा टोकांची जोडणी असते, तिला जेपी-वन म्हणतात. तिच्यातून रिमोटची स्मृती संगणकावर उघडते आणि मग अंक दाबत बसण्याची गरज उरत नाही.

आता या सगळ्यातल्या सर्वांत कठीण भागाकडे येतो, आणि तो तांत्रिक नाही. २५६ आज्ञा पाठवणे सोपे आहे. प्रत्येक आज्ञेनंतर काय झाले हे नेमके पाहणे कठीण आहे. ‘चालू हो’ ही ठाम आज्ञा चालू असलेल्या टीव्हीला पाठवली तर काहीच घडणार नाही, आणि तुम्ही तिच्यापुढे ‘निरुपयोगी’ असे लिहून मोकळे व्हाल. म्हणजे जी हवी होती तीच हातची गेली! म्हणून फेरी किमान दोनदा करावी लागते : एकदा संच चालू असताना आणि एकदा स्टँडबायमध्ये. मी एकदा साठेक आज्ञा मृत म्हणून नोंदवल्या होत्या. नंतर लक्षात आले, की मधल्या एका आज्ञेने टीव्ही अशा इनपुटवर नेऊन ठेवला होता जिथे सिग्नलच नव्हता, आणि चित्राचा आकार बदलणाऱ्या आज्ञा सिग्नल नसल्याने गप्प बसल्या होत्या. तेव्हापासून दर दहा आज्ञांनंतर मी संच ठरलेल्या स्थितीत आणतो. कोड सापडला असे वाटले की तो लागोपाठ दोनदा पाठवून पाहावा. दुसऱ्यांदा काहीच झाले नाही, तरच तो ठाम. टॉगल असेल तर दुसऱ्या वेळी तो आपले सोंग टाकतो.

पाठवण्याची पद्धतही तपासून घ्यावी. सोनीची उपकरणे एका संकेताने सहसा हलत नाहीत, तो ४५ मिलिसेकंदांच्या अंतराने किमान तीनदा यावा लागतो. आरसी-फाइव्हमध्ये एक बिट दर नव्या दाबाला बदलतो. तो बदलला नाही तर उपकरणाला वाटते की तेच बटण अजून दाबलेले आहे. शिवाय नुकत्याच बंद झालेल्या संचाला काही सेकंद कोणतीच आज्ञा ऐकू येत नाही, हा अनुभव सर्वांनाच आहे.

एक इशारा मात्र गांभीर्याने देतो. कारखान्याच्या आज्ञाही याच तक्त्यात राहतात. एलजीच्या अनेक संचांवर २५१ आणि २५५ या क्रमांकांनी सर्व्हिस मेनू, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांसाठीच्या आतल्या मांडणीचे मेनू, उघडतात. ते उघडल्याने लगेच काही बिघडत नाही, पण आपोआप पुढे जाणारी फेरी त्या मेनूत शिरून पुढच्या आज्ञांनी एखादे मूल्य बदलून बसली, तर चित्राचे रंग किंवा पॅनेलची निवड चुकीची होऊ शकते आणि ती पूर्ववत करण्यासाठी मूळ मूल्ये ठाऊक असावी लागतात. म्हणून फेरी आपोआप चालू देऊन चहाला जाऊ नये. प्रत्येक आज्ञा हाताने पाठवावी, अनोळखी मेनू दिसताच थांबून पडद्याचा फोटो घ्यावा आणि काहीही न बदलता बाहेर पडावे. इतरांनी केलेल्या कोडच्या याद्या आधी पाहणे यात कमीपणा नाही. आपल्या उपकरणाचा पत्ता आणि दोन-चार ओळखीच्या आज्ञा यादीशी जुळल्या, तर उरलेल्याही बऱ्याच अंशी जुळतात आणि धोक्याच्या जागा आधीच कळतात.

एचडीएमआय केबलमधून उपकरणे एकमेकांना चालू-बंद करू शकतात, मग हा खटाटोप कशाला, असे कुणी विचारेल. जिथे ती सोय नीट चालते तिथे जरूर वापरावी. पण जुन्या ॲम्प्लिफायरला ती नसते, आणि वेगवेगळ्या उत्पादकांची उपकरणे एकत्र आली की ती सोय कधी कुणाला जागे करील याचा नेम नसतो. आणखी एक उपयोग मला या सगळ्यांहून महत्त्वाचा वाटतो. ज्याला पडदा किंवा स्टँडबायचा लाल दिवा दिसत नाही, त्याच्या दृष्टीने टॉगल हे जवळजवळ निरर्थक बटण आहे, कारण दाबण्याआधी संच कोणत्या स्थितीत आहे हे कळण्याचा त्याच्यापाशी मार्गच नसतो. अशा माणसाच्या रिमोटवर खालच्या कोपऱ्यात, बोटाला जाणवेल असा उंचवटा असलेल्या एका बटणावर ‘बंद हो’ ही ठाम आज्ञा बसवून पाहा. तो बटण दोनदा दाबतो, खात्रीसाठी तिसऱ्यांदाही दाबतो, आणि टीव्ही बंदच राहतो.